सिमेंटचा पत्रा दरवर्षी गळतोय, भुकटी सोडतोय? न उचकटता जागच्या जागी बंदिस्त करण्याआधी काय तपासावं

लक्षणं अशी असतात.

यंत्रमागावर, माळ्यावरच्या ट्रंकेवर, स्वयंपाकघरातल्या फळीवर बारीक करडी भुकटी बसते. पुसली तरी आठवड्याभरात पुन्हा दिसते. पावसाळ्यात ठरावीक बोल्टखालून तांबूस ओघळ उतरतो आणि त्याच्या टोकाला थेंब लोंबत राहतो. मागच्या मे महिन्यात दिलेला रंग यंदाच्या मे महिन्यापर्यंत पापडासारखा सुटतो. छपराच्या कडेच्या पन्हळीत राखाडी, कागदाच्या लगद्यासारखा गाळ साठतो. पत्र्याची कड भुरभुरीत झालेली असते, आणि तिरप्या उन्हात जवळून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक लव उभी राहिल्यासारखी दिसते.

यातली दोन लक्षणं जरी एकत्र दिसली तरी पुढचं नीट वाचा. एकही पत्रा काढण्याआधी वाचा.

मी इचलकरंजीत आणि हातकणंगले तालुक्यातल्या गावांत छपरांची दुरुस्ती करतो. यंत्रमागाचे कारखाने, गोदामं, साधी घरं, शाळांच्या खोल्या, सगळीकडे हाच दोष घेऊन माणसं येतात. नव्वद टक्के वेळा सांगणं एकच असतं: "रंग मारून घेतला होता, तरी गळतंय." दोष बहुतेक वेळा रंगात नसतो. रंगाखाली काय राहिलं, पत्रा कुठं हलतोय आणि पाणी कुठं तुंबतंय, हे कुणी पाहिलेलं नसतं.

भुकटी कसली असते

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, तो जुना असेल तर त्यात सिमेंटसोबत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगडातूनच निघणारा तंतू. सिमेंटमध्ये तो मिसळून पातळ पत्रे काढायची पद्धत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेकनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधली आणि ती जगभर गेली. पत्रा स्वस्त, गंजत नाही, वाळवी लागत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही. म्हणून आपल्याकडे तो इतका पसरला.

पत्रा धड असेपर्यंत सिमेंट त्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं. पण वीस-तीस पावसाळे झेलल्यावर वरचं सिमेंट झिजतं आणि तंतू उघडे पडतात. पत्रा कापला, घासला, फोडला की ते हवेत जातात. आमच्या गावात सगळ्यांना कापसाचं तूस ठाऊक आहे. उन्हाच्या कवडशात ते तरंगताना दिसतं. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. फुप्फुसात खोल जाणारा ॲस्बेस्टॉसचा तंतू 3 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, बऱ्याचदा एकापेक्षाही बारीक. तो दिसत नाही, त्याला वास नाही, घशात खवखवही होत नाही. त्यामुळे "काही होत नाही, आम्ही वर्षानुवर्षं कापतोय" असं माणूस मनापासून म्हणतो. त्यातून होणारे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसं आतून कडक होणं), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षं लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीनं वाढतो. पांढरा, तपकिरी, निळा असे या खनिजाचे प्रकार आहेत आणि जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांनाच कर्करोगकारक मानते. ब्रिटननं 1999 मध्ये, ऑस्ट्रेलियानं 2003 च्या अखेरीस, युरोपीय संघानं 2005 मध्ये आणि कॅनडानं 2018 मध्ये बंदी आणली. आपल्याकडे 1986 पासून खाणींना नवे परवाने देणं थांबलं, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसपासून पत्रे बनवणं चालूच राहिलं.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. धड पत्रा डोक्यावर असणं आणि फुटका पत्रा हातात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच माझं पहिलं मत नेहमी हे असतं: चांगल्या अवस्थेतला पत्रा काढू नका, आहे तिथंच बंदिस्त करा. काढताना जेवढे तंतू उडतात तेवढे तो पत्रा जागेवर शांत असताना उडत नाहीत.

हात लावण्याआधी

या नियमांत मी कुणाचंही, मालकाचंसुद्धा, ऐकत नाही.

पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. सहा मिलिमीटरचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलेल याची खात्री नसते. मी दोन माणसं आरपार खाली आलेली पाहिली आहेत. एक मागाच्या दांड्यावर पडला. शेवाळं, वरून दिलेला रंग, बोल्टची सरळ ओळ, यांमुळे छप्पर भक्कम वाटतं, पण तो भास आहे.

कोरडं झाडायचं नाही, घासायचं नाही, कापायचं नाही. ग्राइंडर, करवत, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जोरदार पाण्याचा पंप, घरातला व्हॅक्यूम क्लीनर, सगळं बंद. पाण्याचा जोरदार फवारा सिमेंट खरवडून काढतो आणि तंतूंचा लगदा शेजाऱ्याच्या भिंतीवर मारतो. घरातल्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून बारीक तंतू सरळ बाहेर येतात.

तोंडाला रुमाल, गमछा, कापडी मास्क उपयोगाचा नाही. पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी असेल तर तोही बसत नाही. कडेनं हवा आत येते.

कामाचे कपडे अंगणात झटकायचे नाहीत. परदेशात गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. माझी आई माझे कपडे दगडावर आपटून धुवायची. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं. आता मी वापरून टाकायचा अंगरखा घालतो आणि तो जागेवरच ओला करून पिशवीत बंद करतो.

पहिली तपासणी: पत्रा नक्की कसला? (खर्च शून्य)

जुनं बिल शोधा. पत्र्याच्या खालच्या बाजूला छाप दिसतो का ते विजेरीनं बघा. आयएस 459 असा छाप असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचाच नालीदार पत्रा. हे भारतीय मानकच त्याचं आहे. अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रेही मिळतात आणि दिसायला ते अगदी सारखे असतात. छाप नाही, बिल नाही, आणि छप्पर वडिलांच्या काळातलं आहे, तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. खात्रीच हवी असेल तर प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासतात. पण नमुन्यासाठी पत्रा फोडू नका. आधीच पडलेला तुकडा ओला करून दोन पिशव्यांत बंद करून द्या. तुकडा जाळून बघणं हा प्रकार गावात चालतो. त्यातून काहीच कळत नाही. उलट आगीत हा पत्रा फटाक्यासारखा तडतडून फुटतो. चुलीजवळचे पत्रे फुटल्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

हे आधी का करायचं? कारण पत्रा साधा निघाला तर पुढची निम्मी काळजी कमी होते, आणि ॲस्बेस्टॉसचा निघाला तर पुढची प्रत्येक कृती बदलते.

दुसरी तपासणी: गळती की घाम? (एक विजेरी)

मागाच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून ओलावा ठेवतात, जमिनीवर पाणी मारतात. घरात चुलीची, भाताची वाफ असते. थंडीत पहाटे पत्रा गार पडतो आणि ती वाफ त्याला घामासारखी चिकटते. मालक म्हणतो, "छप्पर गळतंय." डिसेंबरात, पाऊस नसताना!

पहाटे आत उभं राहून विजेरी मारा. थेंब सगळ्या पत्र्यावर सारखे पसरलेले असतील तर तो घाम. एकाच बोल्टपाशी, एकाच सांध्यापाशी असतील आणि पावसानंतर वाढत असतील तर गळती. घामावर रंग, डांबर, सिमेंट यांचा काहीही उपयोग नाही. हवा खेळती करा, माथ्याजवळची झडप उघडा, स्वयंपाकघरात धूर-वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवा. पत्र्याला हातही लावायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथंच संपतात.

याच वेळी खालची बाजू नीट बघा. कारखान्यात पत्र्याच्या पोटाला तुसाची जाळी लोंबत असतात आणि दिवाळीआधी कुणीतरी बांबूला झाडू बांधून ती ओरबाडतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तूस पडतं, त्याबरोबर पत्र्याची पोटाकडची भुकटीही पडते, आणि खाली माग चालूच असतात. जाळी काढायचीच तर कारखाना बंद ठेवून, माग झाकून, हातपंपानं बारीक तुषार मारून ओली करून, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. फडकं पुन्हा वापरायचं नाही.

तिसरी तपासणी: पन्हळ आणि निचरा

पन्हळ तुंबली की पाणी मागे चढतं आणि दोन पत्रे जिथं एकमेकांवर चढवलेत त्या सांध्यातून आत येतं. वरचा पत्रा खालच्यावर निदान 150 मिलिमीटर चढलेला हवा. उतार कमी आणि चढण अपुरी असेल तर वळवाच्या पावसाचा आडवा मारा तिथून घुसणारच. हे शिडीवरून, छपराच्या कडेपाशी उभं राहून टेपनं मोजता येतं.

पन्हळीतला गाळ मात्र साधा समजू नका. छपरावरून झिजलेले तंतू वर्षानुवर्षं तिथंच येऊन बसतात. गाळ कोरडा असेल तर आधी पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण मिसळून तुषार मारा. साबणामुळे पाणी आत मुरतं, नाहीतर ते वरून ओघळून जातं आणि आत कोरडंच राहतं. मग प्लॅस्टिकच्या पसरट सुपलीनं उचलून जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधून वर "ॲस्बेस्टॉस" असं लिहायचं. परसबागेत खत म्हणून टाकलेला गाळ मी पाहिला आहे. वांगी छान आली होती, पण त्या वाफ्यात लहान मुलं खेळत होती. तिथली वरची माती आम्ही ओली करून उचलली.

चौथी तपासणी: बोल्ट

पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळतीचं मुख्य कारण बहुतेक वेळा इथं सापडतं. पत्रा इंग्रजी J आकाराच्या बोल्टनं खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराला, धरलेला असतो. भोक लाटेच्या माथ्यावर हवं, खोलगट भागात नाही, कारण खोलगट भागातूनच पाणी वाहतं. भोक बोल्टपेक्षा दोन मिलिमीटर मोठं ठेवतात, म्हणजे ऊन-पावसात पत्र्याला हलायला जागा राहते. त्या मोकळ्या जागेवर डांबरी वायसर आणि त्यावर लोखंडी वायसर.

आता होतं काय? डांबरी वायसर दहा-पंधरा उन्हाळ्यांत वाळून चिरफळतो. पाणी येऊ लागतं. कुणीतरी वर चढतो आणि नट कचकचून आवळतो. पत्र्याला हलायला जागाच उरत नाही आणि बोल्टपासून चांदणीसारखे तडे फुटतात. पुढच्या वर्षी गळती दुप्पट. मागाच्या कारखान्यात तर दिवसरात्र हादरे बसतात, त्यामुळे सैल बोल्ट भोक कुरतडत राहतो. खाली मागावर पडणारी करडी भुकटी बऱ्याचदा नेमकी बोल्टच्या रेषेत पडलेली असते. मी आधी जमिनीवर भुकटीची रेषा शोधतो आणि मग वर बघतो.

खालूनच आणखी एक मोजमाप घ्या: दोन पर्लिनमधलं अंतर. सहा मिलिमीटरच्या पत्र्याला ते 1.4 मीटरपेक्षा जास्त नसावं. जास्त असेल, किंवा एखादी पर्लिन वाकली असेल, तर पत्रा झोका घेत राहतो आणि त्यावर दिलेला कोणताही थर तडकणारच. तिथं आधी लोखंडाचं काम, मग पत्र्याचं.

नट सैल करायचा नाही, आवळायचाही नाही. गंजलेला बोल्ट फिरवला की भोकाच्या कडा दळल्या जातात. आहे तसा ओला करून, ओल्या फडक्यानं पुसून, वरून लवचिक सीलंट भरायचं आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी बसवायची. बोल्ट पार कुजलाच असेल तर नवीन भोक लागेल, आणि भोक पाडणं हे तुमचं काम नाही. तिथं थांबा.

पाचवी तपासणी: जुना रंग का सुटला

सिमेंट अल्कधर्मी असतं. त्यावर थेट ऑइलपेंट दिला की त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग पोपडे धरतो. हे पहिलं कारण. दुसरं, शेवाळावर रंग. शेवाळ मरतं, सुकतं, रंगासकट उठतं. तिसरं आणि सगळ्यात वाईट: रंगाऱ्यानं "पकड यावी" म्हणून तारेच्या ब्रशनं पत्रा घासलेला असतो.

एका कारखान्यात मला तिसऱ्या वर्षी बोलावलं. दोनदा रंग झाला होता. माग झाकलेले नव्हते आणि कांड्या भरणाऱ्या बायका तिथंच काम करत होत्या. रंगाऱ्यानं दोन दिवस वरून घासलं होतं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बायकांची नावं मी त्याला वहीत लिहून ठेवायला लावली. पुढं कुणाला दम लागला, खोकला राहिला, तर डॉक्टरांना हे कळायला हवं. तुम्हीही छपराचं काम केलं असेल तर छातीच्या डॉक्टरांना धंदा आपणहून सांगा. बऱ्याच वेळा तो विचारलाच जात नाही.

सुटलेले पोपडे ओढून काढू नका. त्यांच्या पाठीला तंतू चिकटलेले असतात. ओलं करा, जे हलक्या हातानं सुटतं तेवढंच उचला, पिशवीत घाला, बाकीचं राहू द्या.

सहावी तपासणी: तडे

केसासारखा तडा, जिथून उजेड दिसत नाही, तो बंद करता येतो: ओला करून पुसणं, वाळल्यावर अल्करोधक प्रायमर, मग लवचिक लेप, त्यात विणलेल्या जाळीच्या कापडाची पट्टी बुडवून बसवणं, वरून पुन्हा लेप. पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटं तरी जाऊ द्या. नुसतं पांढरं सिमेंट भरू नका. ते कडक असतं. पत्रा उन्हात ताणला की त्याच रेषेत पुन्हा फाटतं.

उजेड दिसणारा तडा, वळवाच्या गारांनी पडलेलं भोक, तुटलेला कोपरा असेल तर त्यावर तात्पुरती ताडपत्री टाका, खाली माणसं बसवू नका आणि माणूस बोलवा.

बंदिस्त करणं म्हणजे नेमकं काय

इथपर्यंतचं सगळं झालं तरच हे टिकतं. शिडीवरून हात पोहोचेल अशी न्हाणीची किंवा गोठ्याची पडवी असेल तर जाणत्या माणसाला सोबत घेऊन करता येईल. त्यापेक्षा मोठं छप्पर म्हणजे तालीम झालेली टोळी, पर्लिनवर टेकणाऱ्या चालायच्या फळ्या, खाली जाळी आणि कमरेला पट्टा.

लेप दोन प्रकारचे असतात. एक पातळ, झिरपणारा: तो सुट्या तंतूंना सिमेंटशी चिकटवतो. दुसरा जाड, रबरासारखा ताणणारा: तो वरून चामडीसारखा बसतो. झिजलेल्या पत्र्यावर नुसता दुसरा मारला तर तो भुकटीला चिकटतो, पत्र्याला चिकटत नाही. म्हणून आधी झिरपणारा, मग चामडीचा. लोक पैसे वाचवायला पहिलाच थर गाळतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा फोन करतात.

शेवाळनाशक मारून काही दिवस थांबा, मग शेवाळ ओलं ठेवूनच हातानं उचला. झिरपणारा लेप पाण्यात कालवून द्यायचा असेल तर पत्रा किंचित दमट असताना, तुषार पद्धतीनं, कमी दाबानं द्या. ब्रशनं रगडू नका. वेळ सकाळी सात ते दहा. एप्रिलच्या दुपारी पत्रा इतका तापतो की लेप मुरायच्या आधीच वाळतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो, म्हणून मी हे काम शक्यतो दिवाळीनंतर धरतो.

चामडीचे दोन थर वेगवेगळ्या रंगाचे द्या. खाली पिवळा किंवा राखाडी, वर पांढरा. पुढं कधी पांढऱ्यातून पिवळं दिसू लागलं की कळतं, वरचा थर झिजला, पत्रा अजून झाकलेला आहे, आता दुरुस्ती करा. याच एका गोष्टीनं माझी कितीतरी छपरं वेळेत सांभाळली गेली.

उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांवर लेप मारू नका. ते उन्हानं ठिसूळ झालेले असतात आणि रंग दिल्यावर ओळखूच येत नाहीत. पुढच्या वेळी वर येणाऱ्या माणसासाठी तो सापळा होतो. त्यांच्या कडेनं लाल रेघ मारा.

लेप देणं शक्य नसेल, पत्रा फारच भुरभुरीत असेल, तर खालून घट्ट छत मारून किंवा वरून लोखंडी पत्र्याचं दुसरं छप्पर घालून तो कोंडता येतो. पण वरच्या छपराचं वजन जुन्या कैच्यांना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्याला, पेलेल का, हे अभियंत्यानं हिशेब करून सांगायचं असतं. अंदाजावर हे करू नका.

इथं थांबा

पुढचं काहीही दिसलं तर स्वतः प्रयत्न करू नका.

बॉयलर, वाफेचे पाइप किंवा जुनी भट्टी यांच्यावरचं पांढरं, कापसासारखं, बोटानं चुरा होणारं आवरण; दोरीसारखं गुंडाळलेलं पॅकिंग. यात ॲस्बेस्टॉस पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त आणि जवळजवळ मोकळं असतं. सायझिंगच्या (सुताला खळ देणाऱ्या) कारखान्यात असे जुने पाइप असतील तर खोली बंद करा, पंखे बंद करा, कुणाला आत जाऊ देऊ नका.

दहापैकी तीन-चार पत्रे तडकलेले. आग लागून गेलेलं छप्पर. वादळानं उडून अंगणात फुटलेले पत्रे. नवीन भोक, काप, पाडकाम लागणारं कोणतंही काम. शाळा, दवाखाना, अंगणवाडीचं छप्पर, मग दोष कितीही लहान असो.

माणूस बोलावताना त्याला हे विचारा: कोणता मास्क घालणार, पत्रा ओला कशानं ठेवणार, वर चालणार कशावरून, आणि निघालेला कचरा कुठं जाणार. शेवटच्या प्रश्नाला "टाकतो ओढ्याकडेला" किंवा "भरावात घालू" असं उत्तर आलं तर त्याला काम देऊ नका. पंचगंगेच्या काठच्या मळीत फोडून टाकलेले पत्रे मी पाहिले आहेत; त्यावरून ट्रॅक्टर गेला की भुकटी उडते. टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत येतं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं आहेत. आम्हाला रांजणगाव जवळचं. काम सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. पत्रे खाली उतरल्यावर धावाधाव करू नका.

काम झाल्यावर दारापाशी पाटी लावा: "छपरात ॲस्बेस्टॉस आहे. भोक पाडू नका, घासू नका, वर चढू नका." आमच्याकडे मागावर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटकातली माणसं आहेत, म्हणून मी हिंदी आणि कन्नडमध्येही लिहून घेतो. पुढं पंखा लावायला किंवा वायर ओढायला येणारा इलेक्ट्रिशियन हीच पाटी वाचून ड्रिल खाली ठेवतो.

पाटीखाली एक वही टांगा. छपराचा साधा नकाशा काढून पत्र्यांना आकडे द्या. वर्षातून दोनदा, वळीव संपल्यावर आणि दिवाळीनंतर, खालून विजेरी मारून कोणत्या आकड्याच्या पत्र्यावर काय दिसलं ते तारखेसह लिहा आणि फोटो काढून ठेवा. मला फोन कराल तेव्हा ती वही जवळ घेऊन बसा.